कोंबडीसाठी लिहिलेली चिठ्ठी

आमच्या सासरी अंड्याचं नाव कुणी मोठ्यानं घेत नसे. मांस-मच्छी तर दूरच. अशा घराच्या गोठ्यात माझ्या लग्नाच्या पहिल्याच वर्षी एक कोंबडी आली आणि राहिली.

आमचा भाग तेव्हा मुंबई राज्यात होता, जिल्हा पश्चिम खानदेश. सासरचं गाव तापीच्या काठावर, काळ्या जमिनीचं, कापसाचं आणि केळीचं. माझे वडील नंदुरबारला प्राथमिक शाळेत मास्तर होते. त्यांनी मला सातवीपर्यंत शिकवलं, आणि सतरा पुरी व्हायच्या आत या मोठ्या शेतीवाल्या घरात दिलं. लग्नात आलेली पितळी भांडी सासरी मोजून घेतली, पण माझी सातवी कुणी विचारली नाही.

मला जिथे जाता येई त्या जागा चारच होत्या: स्वयंपाकघर, मधलं घर, मागचं अंगण आणि अंगणाला लागून असलेला गोठा. पुढच्या ओट्यावर पुरुष बसत, तिकडे माझं काही काम नव्हतं. नदी अर्ध्या मैलावर होती. लग्नाची बैलगाडी तिच्या पात्रातून आली तेव्हा मी ती पाहिली होती. त्यानंतर चौदा महिने मी फक्त पावसाळ्यात तिचा आवाज ऐकला. पाणी सालदाराची बायको आणायची. सासरे घरात असले की हनुवटीपर्यंत पदर, आणि बोलणं बंद. काही सांगायचं असेल तर भांडं वाजवायचं, मग सासूबाई येत आणि माझं म्हणणं त्यांच्या तोंडून पुढे जाई. त्यांना मी माय म्हणत असे.

कुणी मला मारत नव्हतं, उपाशी ठेवत नव्हतं. हे आधीच सांगते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यावरून ते घर वाईट होतं असं वाटू नये. पण दुपारी सगळे शेतात गेले की मी अंगणाच्या भिंतीला हात लावून उभी राहायची, आणि पलीकडून कुणी गेलं तर पावलांवरून बाई की माणूस ते ओळखायचा खेळ खेळायची.

कोंबडी दिली ती सालदाराच्या बायकोनं. ही दोघं वर मोलगीकडच्या डोंगरातली. वर्षभराच्या बोलीनं आमच्याकडे कामाला होती आणि शेतातल्या झोपडीत राहत होती. एकदा तिचं तान्हं तापानं फणफणलं तेव्हा मी माझी जुनी गोधडी तिला दिली. तिनं ते मनात ठेवलं असावं. एक दिवस ती शेण काढायला आली आणि तिनं ओटीतून मुठीएवढं पिल्लू काढून माझ्या हातात ठेवलं. राखाडी, मानेवर तांबूस ठिपके.

मी घाबरून मायकडे पाहिलं. मायनं नाकाला पदर लावला. पण त्या वर्षी बैलांना गोचीड फार झाले होते, आणि सालदारीण म्हणाली, "राहू दे माय, गोचिड्या खाई ती." सासऱ्यांपर्यंत गोष्ट गेली. ते म्हणाले, गोठ्यात राहू दे, उंबरा ओलांडला तर बाहेर. एवढ्यावर निकाल लागला.

ती मोठी झाली. बैल बसले की त्यांच्या पायांमधून फिरून गोचीड टिपायची. बैल डोळे मिटून घ्यायचे. मी गोठ्यात गेले की ती धावत यायची आणि माझ्या पायातल्या जोडव्यांवर चोच मारायची. दाणा असावा असं तिला वाटत असेल. त्या घरात माझ्याकडे धावत येणारं दुसरं कुणी नव्हतं. मी तिच्याशी बोलायचे, तेही शाळेतल्या मराठीत, कारण ती भाषा तिथे दुसऱ्या कुणाशी बोलता येत नव्हती. एकदा मायनं ऐकलं आणि विचारलं, "कोनसंगे बोली ऱ्हायनी?" मी म्हटलं, "पाढे म्हणतेय."

त्या वर्षी कापूस भरपूर आला. मधल्या घराशेजारची खोली आढ्यापर्यंत भरली, आणि उरलेला कापूस गोठ्याच्या कोपऱ्यात ढीग करून ठेवला. कोंबडी त्या ढिगावर चढून बसायची, चोचीनं सरक्या उकरायची. मला ते बघायला आवडायचं. त्यात काही धोका आहे हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

एका सकाळी ती धावत आली नाही. दाणे टाकले तर नुसती पाहत राहिली. उचलून घेतली तर गळ्याखाली, जिथे कोंबडीची दाणे साठवायची पिशवी असते तिथे, लिंबाएवढा कडक गोळा हाताला लागला. रात्रभरात ही पिशवी रिकामी व्हायला हवी. मला ते ठाऊक होतं, कारण रोज सकाळी ती मऊ लागायची. दुसऱ्या दिवशी गोळा आणखी मोठा झाला. ती मान लांब करून चोच उघडायची, आणि तोंडाला आंबूस वास यायचा.

सालदारीण म्हणाली, "कापूस खादा तिनी. आडकी गया." मग तिनं सांगितलं तसं मी केलं. चमचाभर गोडेतेल पाजलं, कोमट पाणी पाजलं, आणि बोटांनी गोळा हळूहळू चोळत बसले. एक उपाय तिनं असा सांगितला की कोंबडी उलटी धरून पिशवी दाबायची. मी तसं केलं तर आंबट पाणी तिच्या नाकातोंडातून आलं, तिचे डोळे पांढरे झाले, आणि मला वाटलं मीच मारली. पुन्हा ते केलं नाही. मी तिला पाटीखाली पोत्यावर ठेवली आणि कामं करता करता दर थोड्या वेळानं जाऊन पाटी उचलून बघायची.

"नही जगनी तं आमले दी टाक," सालदारीण म्हणाली. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. तिच्या घरात कोंबडी मरायच्या आधी शिजते. पण मी रडायला लागले, तेव्हा ती माझ्याजवळ बसली.

दुपारी नवरा जेवायला आला तेव्हा मी विषय काढला. तालुक्याला गुरांचा सरकारी दवाखाना होता. आमचे बैल तिकडे गेले होते. पैसे पडत नसत.

"तिला गाडीतून दवाखान्यात न्याल का?" मी विचारलं.

त्यांचा घास थांबला. "कोंबडी?"

"बैलांना नेता ना."

"गाडी, एक दिवस, दोन बैल. एका कोंबडीसाठी? तेवढ्यात चार कोंबड्या येतील." मग आवाज खाली करून म्हणाले, "आणि बाजारात माझ्या हातात कोंबडी पाहिली तर लोक काय म्हणतील? आपल्या घरात काय शिजतं म्हणतील?"

पैशाचं उत्तर मी देऊ शकले असते. माझ्याजवळ माहेरचे दोन रुपये होते. लोकांचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. नवरा म्हणून ते वाईट नव्हते, बावीस वर्षांचे होते, आणि माझ्याइतकेच आपल्या बापाला भीत होते. त्यांनी भाकरी संपवली, हात धुतला आणि निघून गेले. मी स्वतः तालुक्याला चालत जाण्याचा विचार केला. रस्ता कोणत्या बाजूला आहे हेच मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाजार होता, आणि सालदारीण बाजाराला जाणार होती. कोंबडी मी नेते, असं ती आपण होऊन म्हणाली. पण डॉक्टरसमोर तिला बोलता येणार नाही, तिची अर्धी बोली त्याला कळणार नाही, ही तिला भीती. तेव्हा मी चिठ्ठी लिहिली. कागद म्हणून जुन्या पंचांगाचं कोरं मलपृष्ठ फाडलं. पेन्सिल माझ्या पेटीत होती, माहेरी पत्र लिहायला आणलेली. वडिलांनी शिकवलं होतं तसं वरती "सा. न. वि. वि." घातलं आणि मग लिहिलं: कोंबडीचं वय सुमारे दहा महिने, चार दिवसांपासून गळ्याखाली कठीण गोळा, सरकीसह कापूस खाल्ल्याचा संशय, अन्न बंद, पाणी थोडं घेते, तोंडास दुर्गंधी. कृपा करून औषध द्यावे. खाली गावाचं नाव आणि सासऱ्यांचं नाव, कारण पत्ता तसाच लिहितात. माझं नाव घातलं नाही.

संध्याकाळी सालदारीण परत आली, पाटीत कोंबडी तशीच. डॉक्टर दौऱ्यावर होते. कंपाउंडरनं कोंबडीला हात लावून पाहिलं आणि हे काम डॉक्टरांचंच, कापावं लागेल, असं सांगितलं. "पण चिठ्ठी ठी लिधी त्यानी," ती खुशीत म्हणाली. "डाक्टर आपला गावले ई ऱ्हायना, परोनदिन. बैलसले टोचाले."

मी पाटी तिच्या हातून घेतली आणि जमिनीवर ठेवली.

मला औषधाची पुडी हवी होती. आता चिठ्ठी परक्या माणसाच्या खिशात होती, आणि तो माणूस बुळकांडीची लस टोचायला आमच्याच अंगणात येणार होता. त्या काळी सुनेनं परक्या पुरुषाला चिठ्ठी लिहिणं म्हणजे काय, हे आज समजावणं कठीण आहे. चिठ्ठीत काय लिहिलंय ते कुणी वाचणार नव्हतं. चिठ्ठी लिहिली एवढंच पुरे होतं. मधला अख्खा दिवस मी स्वयंपाकघर, अंगण, गोठा असे फेरे घातले. त्याच चार जागांत मला लपायचं होतं, आणि लपायला एकही जागा नव्हती. कोंबडी मेली तर बरं, मग तो चिठ्ठी काढणार नाही, असंही एकदा मनात आलं. मग पाटी उचलून तिच्या तोंडात पाण्याचे थेंब सोडत बसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले. चाळिशीचे, खाकी अर्धी पँट, डोक्यावर हॅट, बरोबर औषधाची पेटी घेतलेला शिपाई. सालदार आणि नवरा बैलांना धरत होते. मी गोठ्याकडे उघडणाऱ्या दारामागे होते. बैल टोचून झाले. सालदार त्यांना घेऊन शेताकडे गेला, नवरा त्याच्याबरोबर. डॉक्टरांनी हात धुतले, टॉवेलला पुसले, आणि खिशातून पंचांगाचा कागद काढला.

"तुमच्याकडे एक कोंबडी आजारी आहे ना?"

सासरे बाजेवर बसले होते. "आमच्याकडे कोंबडी नाही."

"चिठ्ठी आलीय. नाव तुमचंच आहे. लक्षणं इतकी नीट लिहिलीत की मला न बघताच कळलं काय झालंय. कोणी लिहिली?"

मी दाराची कडी धरून उभी राहिले. सासऱ्यांनी मान वळवून दाराकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं. त्या घरात लिहिणारी माणसं दोन, आणि त्यातलं एक आत्ताच बैल घेऊन गेलं होतं.

माय पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ती म्हणाली, "मी लिहाले लावी. मी सांगं, तिनी लिखं."

मायला अक्षरओळख नव्हती, आणि कोंबडीला तिनं कधी बोटही लावलं नव्हतं. सासरे तिच्याकडे बघत राहिले. डॉक्टरांना यातलं काही कळलं नाही, किंवा कळूनही त्यांनी दाखवलं नाही. "आणा तिला," ते म्हणाले. "पाच मिनिटांचं काम आहे. मात्र कुणीतरी घट्ट धरायला हवी. शिपायाला बाटल्या धरायच्या आहेत."

सालदारीण शेतात होती. सासऱ्यांनी कोंबडी धरणं शक्यच नव्हतं. मायनं दाराकडे तोंड करून हाक मारली, "ये. तू धर."

मी पदर हनुवटीच्या खाली ओढून बाहेर आले. पाटीखालून कोंबडी काढली, उकिडवी बसले आणि ती मांडीवर धरली. मला पदराच्या जाळीतून फक्त डॉक्टरांचे बूट दिसत होते.

"ताई, असं नाही जमणार," ते म्हणाले. "तुम्हाला दिसलं पाहिजे. हात हलला तर माझी सुरी भलतीकडे जाईल."

मी हलले नाही. सासऱ्यांसमोर पदर काढता येत नव्हता. तेव्हा सासरे बाजेवरून उठले, एकदा खाकरले आणि पुढच्या ओट्यावर निघून गेले. मायनं माझ्या डोक्यावरून पदर मागे सारला. तिची बोटं माझ्या कपाळाला लागली.

चौदा महिन्यांत पहिल्यांदा मी उघड्या तोंडानं परक्या माणसासमोर बसले होते, आणि मला त्याचं काही वाटायला वेळच मिळाला नाही. डॉक्टरांनी गळ्याखालची पिसं उपटली, लाल औषधाच्या पाण्यानं जागा धुतली आणि सुरीनं बोटाच्या पेराएवढी चीर दिली. कोंबडीनं एकदाच जोरात पाय झाडले. मी धरून ठेवली. त्यांनी चिमट्यानं आतून ओढायला सुरुवात केली, आणि कापूस निघतच राहिला. भिजलेला, पिळलेला, समईच्या वातीसारखा लांब, मधे मधे सरक्या अडकलेल्या. इतका घाण वास की शिपायानं तोंड फिरवलं. मायनं मात्र नाकाला पदर लावला नाही. ती लाल पाण्याचं भांडं घेऊन वाकून बघत होती. "बापरे," ती म्हणाली, "आख्खा ढीग खादा इनी."

आधी आतल्या पिशवीला टाके, मग वरच्या कातडीला. रेशमी दोरा होता. डॉक्टर मला सांगत होते आणि मी मान हलवत होते: पाच दिवस दाणा नाही, फक्त पातळ पेज, थोडी थोडी. जखम रोज लाल पाण्यानं धुवायची. दहा दिवसांनी वरचे टाके कात्रीनं कापायचे. "कापाल ना?" त्यांनी विचारलं. मी "हो" म्हटलं. त्या घरात परक्या पुरुषाशी बोललेला तो माझा पहिला शब्द.

मायनं पैशाचं विचारलं. डॉक्टर हसले. "आमच्या रजिस्टरात बैल आहे, म्हैस आहे, बकरी आहे. कोंबडीला रकानाच नाही. पैसे कुठे लिहू?" ते ताक पिऊन पुढच्या घरी गेले. मी पदर ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी माझी पाळी आली. त्या घरात चार दिवस बाईनं बाजूला बसायचं असे, आणि आमची बाजूला बसायची जागा गोठ्याचा कोपरा होती. एरवी ते दिवस मला कोंडल्यासारखे वाटत. त्या वेळी मी आणि कोंबडी दिवसभर एकाच कोपऱ्यात होतो. पण पेज करायला मला चुलीपाशी जाता येईना, आणि सालदारीण कापूस वेचायला गेलेली. दुपारी माय आपण होऊन आली. हातात ज्वारीच्या पेजेची वाटी. तिनं ती माझ्यापासून हातभर लांब ठेवली.

"मीठ टाकं नही," ती म्हणाली. "टाकनं व्हतं का?"

"नको," मी म्हटलं.

चार दिवस तिनं रोज तीन वेळा पेज आणली. चौथ्या दिवशी मी धीर करून विचारलं, "माय, तुम्ही माझ्यासाठी खोटं का बोललात?"

"तुन्हासाठे नही," ती म्हणाली. "परका मानूस दारमा उभा व्हता. घरनी लाज ऱ्हावाले पाहिजे." मग वाटी उचलली आणि गेली. त्याहून अधिक तिनं मला कधी सांगितलं नाही, आणि मीही पुन्हा विचारलं नाही.

कोंबडी बरी झाली. दहाव्या दिवशी मी कात्रीनं टाके कापले. तिथे पिसं पुन्हा यायला महिना लागला.

चिठ्ठीचा निकाल मात्र त्यानंतर लागला. कुणी ओरडलं नाही. एक दिवस पेटीतली पेन्सिल नव्हती. नवऱ्यानं मान खाली घालून सांगितलं की आता माहेरची पत्रं ते लिहितील. त्यांनी लिहिलीही: सर्व खुशाल आहे, आपली खुशाली कळवावी. वडिलांना ते अक्षर बघून काय वाटलं असेल, हा विचार मी कितीतरी दिवस करत असे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात. त्या वर्षी वडील मला न्यायला आले. सासऱ्यांनी त्यांना ओट्यावर बसवलं, आमरस वाढला आणि नम्रपणे सांगितलं की घरात काम फार आहे, पुढच्या वर्षी पाठवू. आतून मला त्यांचा आवाज ऐकू येत होता. मला बोलावलं तेव्हा माय शेजारी उभी होती. वडिलांनी विचारलं, "बरी आहेस ना?" मी म्हटलं, "हो." ते एकटे परत गेले. दिवसभर गल्लीत माहेरी आलेल्या पोरी झोके घेत गाणी म्हणत होत्या. मी भिंतीच्या आत पुरणाची डाळ वाटत होते.

आखाजीलाच सालदारांचं वर्ष संपतं. सालदारीण नवऱ्याबरोबर डोंगराकडे निघाली. जाताना गोठ्यात आली, कोंबडीचा गळा चाचपला आणि हसली. तिला मी ते दोन रुपये दिले. तिनं ते घेतले नाहीत. म्हणाली, पोराला गोधडी पुष्कळ झाली.

पाऊस यायच्या आधी डॉक्टर घटसर्पाची लस टोचायला पुन्हा आले. मी दारामागे गहू निवडत होते. बैल टोचून झाले तसं त्यांनी अंगणातून मोठ्यानं विचारलं, "आमची पेशंट कशी आहे?"

सासरे खाकरले. माय म्हणाली, "अंडं देस रोज."

त्या घरात तो शब्द मी पहिल्यांदा मोठ्यानं ऐकला. डॉक्टर हसले, त्यांनी पेटी बंद केली. मग कोंबडी उचलून, गळ्यावरची पिसं बाजूला करत म्हणाले, "टाके कोणी कापले? छान कापलेत की."

मायनं दाराकडे पाहिलं. मी गव्हात हात घालून तशीच बसले होते. तिनं मला हाक मारली नाही. "घरमाच काप्या," ती म्हणाली, आणि त्यांना ताक द्यायला आत आली.